इंग्रजी बोलण्याचा तास

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते जून 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी इंग्रजी पाचवीत भेटे आणि तेही अक्षरांच्या वाटेने: चार रेघी वही, कॅपिटल, स्मॉल, मग स्पेलिंगांचे पाठांतर. पहिलीच्या मुलाला मराठीसुद्धा अजून लिहिता येत नसते. त्यामुळे या वयात इंग्रजीची सुरुवात कानाने आणि तोंडाने करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’, ‘ओपन द डोअर’ अशा सूचना ऐकायच्या आणि तसे करून दाखवायचे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. मूल आधी ऐकते, अंगाने उत्तर देते आणि बोलते ते पुष्कळ नंतर.

हे ‘नंतर’ बऱ्याच शाळांत येतच नाही. तिसरी-चौथीची मुले इंग्रजी कविता हातवारे करून म्हणतात, परिपाठात इंग्रजी प्रतिज्ञा न अडखळता म्हणतात. पण ‘आज डब्यात काय आणलेस?’ एवढेच इंग्रजीत विचारले तर वर्ग चिडीचूप होतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गातही फारसे वेगळे घडत नाही. गणित आणि विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात, समजावणे मराठीत चालते आणि मुले इंग्रजी संज्ञा मराठी वाक्यांत बसवून मोकळी होतात. विषय समजायला ही सोय चांगली आहे; बोलण्याचा सराव मात्र तिच्यातून होत नाही.

शांततेचे एक कारण साध्या हिशेबात आहे. तासिका 35 मिनिटांची, वर्गात मुले 40. हजेरी, फळा आणि वह्यांत दहा मिनिटे गेली, असे धरू. उरलेल्या 25 मिनिटांत शिक्षकांनी अवाक्षर काढले नाही आणि मुले पाळीपाळीने बोलली, तरी एकेकाच्या वाट्याला 40 सेकंदही येत नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक वेळ शिक्षकच बोलतात आणि उरलेला वेळ पुढच्या बाकांवरची चार-पाच मुले घेतात. मुलांना शेजाऱ्याशी बोलायला लावले, तर मात्र एका वेळी 20 तोंडे चालू होतात आणि पाच मिनिटांत प्रत्येकाला अडीच मिनिटे मिळतात. वर्गात गलका होतो. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहतात. जोडीकाम मागे पडते ते बहुतेक ठिकाणी या गलक्याच्या धास्तीने.

दुसरे कारण भीतीचे आहे, आणि शाळेच्या नियमांचा संबंध इथे येतो. काही इंग्रजी शाळांत आवारात मराठी बोलल्यास पाच-दहा रुपये दंड असतो किंवा मॉनिटर नावे टिपून ठेवतो. या युक्तीचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडले की पट्टी त्या मुलाकडे जाई आणि दिवस संपताना ती ज्याच्याकडे उरे त्याला शिक्षा होई. आपल्याकडे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी दंडाने काम साधत नाही. मुले मराठी थांबवत नाहीत, फक्त आवाज खाली आणतात. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे ते मूल मधल्या सुट्टीतही गप्प बसू लागते, आणि मॉनिटरला चुगलीची सवय लागते ती वेगळीच.

उपयोगी पडणारे नियम लहान असतात. त्यांना ठरावीक जागा आणि ठरावीक वेळ असते: आठवड्यातून एक परिपाठ इंग्रजीत, तासाची पहिली दहा मिनिटे इंग्रजीत, पाणी प्यायला जायची परवानगी इंग्रजीत. शब्द अडला तर वाक्यात तेवढा मराठी शब्द घालायची मुभा असते. ‘माय आजी इज मेकिंग पापड’ हे वाक्य अशा वर्गात पूर्ण मानले जाते. कुणी चुकला तर हसायचे नाही, हा नियम सगळ्यांत अवघड. तो पहिल्या आठवड्यातच रुजवावा लागतो, आणि शिक्षक स्वतः कधी हसले तर तिथेच मोडतो.

नियमातली वाक्येही काही दिवसांत निर्जीव होतात. ‘मे आय गो टू ड्रिंक वॉटर?’ हे मूल पुढे पुढे विचार न करता म्हणते आणि उत्तराआधीच दाराकडे वळते. एखाद्या बाई तेव्हा विचारतात, ‘व्हाय? व्हेअर इज युअर बॉटल?’ मूल थबकते, आठवते आणि म्हणते, ‘बॉटल... घरी. होम.’ इथे पाठ केलेले वाक्य संपून बोलणे सुरू झालेले असते.

चांगल्या शिक्षकाचे कौशल्य दिसते ते प्रश्न विचारल्यानंतरच्या क्षणांत. मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. थांबणे तीन सेकंदांच्या वर नेले की उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. परक्या भाषेत तर मुलाला प्रश्न समजून घ्यायचा असतो, उत्तर मराठीत सुचते आणि ते इंग्रजीत जुळवायचे असते. कर्ता, कर्म, क्रियापद हा मराठीचा क्रम मोडून क्रियापद मध्ये आणावे लागते. तेवढ्यात ‘नेक्स्ट’ ऐकू आले की मूल खाली बसते.

चूक दुरुस्त करण्यातही तारतम्य लागते. ‘यस्टरडे आय गो टू बाजार’ असे मुलाने म्हटले की एक शिक्षक तिथेच अडवून भूतकाळाचे रूप सांगतात. दुसरे म्हणतात, ‘ओह, यू वेंट टू द बाजार! व्हॉट डिड यू बाय?’ बरोबर रूप मुलाच्या कानावर पडते आणि गोष्टही पुढे सरकते. अशी दुरुस्ती कधी कधी मुलाच्या लक्षातच येत नाही, हे खरे. म्हणून जाणकार शिक्षक तीच ती चूक वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवतात आणि तास संपताना, कुणाचेही नाव न घेता, फळ्यावर घेतात.

उच्चारांतली प्रत्येक चूक दुरुस्त करण्याजोगी नसते. मराठी बोलण्यात इकाराच्या ऱ्हस्व-दीर्घामुळे सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून जहाज आणि मेंढी यांचे इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडी एकसारखेच येतात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना ‘व’ पुरतो. ऐकणाऱ्याचे यावाचून फारसे अडत नाही, कारण संदर्भ मदतीला असतो. खरा अडथळा आघाताचा आहे: ‘डेव्हलप’ किंवा ‘होटेल’ या शब्दांत जोर पहिल्याच अक्षरावर दिला, तर परक्या कानाला शब्द ओळखायला वेळ लागतो. वर्गात मात्र नेमके याकडेच सहसा दुर्लक्ष होते.

तोंडी परीक्षेची कथा निराळी आहे. 2018-19 मध्ये दहावीच्या भाषा विषयांचे शाळेच्या हाती असलेले 20 गुण काढून घेतले गेले. त्या वर्षी राज्याचा निकाल आधीच्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. घसरणीला नव्या अभ्यासक्रमासारखी इतर कारणेही होती. तरी हे गुण सहसा कसे दिले जातात, हे शिक्षकांनी एकमेकांना सांगावे लागत नाही: स्वतःविषयी पाठ केलेली पाच वाक्ये आणि 20 पैकी 18.

शिवाय शिक्षकांनाही बोलायला जागा लागते. प्राथमिक शाळांतल्या बहुतेकांचे स्वतःचे शिक्षण मराठीतून झालेले असते आणि गावात इंग्रजीत बोलायला दुसरे कुणी नसते. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ उपक्रमात आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसत, वर्गातले अनुभव मांडत आणि शक्य तितके इंग्रजीत बोलत. व्याख्यानापेक्षा गटातल्या चर्चेवर तिथे भर होता.