नको ते वगळणारी तार

दूरदेशीची केंद्रे रेडिओवर शोधून ऐकण्याचा छंद म्हणजे महागड्या यंत्रांचा खेळ, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व असते ते त्याला जोडलेल्या तारेला, म्हणजेच अँटेनाला. शंभर वर्षांपूर्वीची एक घटना याची साक्ष देते.

अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी रेडिओप्रेमींच्या वाट्याला २०० मीटर व त्याहून आखूड लहरी आल्या. दूरचा पल्ला लांब लहरींनीच गाठता येतो, अशी तेव्हाची धारणा असल्याने या लहरी निरुपयोगी मानल्या जात. त्या आसपासच्या लहरी अटलांटिक महासागर ओलांडतात का, हे पाहण्यासाठी फेब्रुवारी १९२१ मध्ये चाचणी झाली. ब्रिटनमध्ये काहीच ऐकू आले नाही. तेव्हा अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी संघटनेने पॉल गॉडली या निष्णात श्रोत्यालाच पलीकडच्या किनाऱ्यावर धाडले. ही खेपही वाया गेली असती, तर त्या लहरींवरील निरुपयोगीपणाचा शिक्का पुसणे कठीण झाले असते.

स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे, समुद्रालगतच्या शेतात, डिसेंबरच्या थंडीत गॉडली यांनी तंबू ठोकला. हॅरल्ड बेव्हरेज यांच्या पद्धतीची सुमारे १३०० फूट लांब तार त्यांनी अमेरिकेच्या दिशेने ताणली. तिची उंची जेमतेम १२ फूट. तिच्या दूरच्या टोकाला रोधक जोडून तो जमिनीशी जोडलेला असतो. त्या टोकाकडून येणारी लहर तारेसोबत पुढे सरकताना बळावते. उलट बाजूची लहर रोधकात विरून जाते. या तारेचे सामर्थ्य आवाज वाढविण्यात नसून नको असलेला गोंगाट वगळण्यात आहे. १२ डिसेंबरच्या पहाटे कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथून ‘१ बीसीजी’ या केंद्राने पाठविलेला संपूर्ण संदेश गॉडली यांनी उतरवून घेतला. पुढे याच आखूड लहरींवरून देशोदेशींचे प्रसारण सुरू झाले.

शहरातील सदनिकेत एवढी तार ताणणे अशक्य. पण तत्त्व तेच वापरता येते. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे घेऊन त्यांना व्हेरिएबल कंडेन्सर जोडला की मध्यम लहरींसाठी लूप अँटेना तयार होतो. तो हळूहळू फिरविला असता एका स्थितीत जवळचे केंद्र क्षीण होते आणि त्याखाली दबलेले दूरचे केंद्र वर येते. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर जातात. म्हणून हा उद्योग सूर्यास्तानंतरचा.

आज खरा अडथळा अंतराचा नसून घरातील खरखरीचा आहे. निकृष्ट एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर क्षीण लहरींना झाकून टाकतात. ऐकताना ते बंद ठेवावेत. बाहेर ताणलेली तार विजेच्या वाहिन्यांपासून दूर असावी, आणि वादळाची चिन्हे दिसण्यापूर्वीच ती यंत्रापासून सोडवावी.

ऐकलेल्या केंद्राची तारीख, वेळ, लहर आणि कार्यक्रमाचा तपशील रोजकीर्दीप्रमाणे चोख लिहिणे हा छंदाचा कणा होय. ती नोंद केंद्राकडे पाठविल्यास अनेक केंद्रे पडताळा पाहून पोचपावतीचे चित्रमय कार्ड देतात. मोघम नोंदीला ते मिळत नाही. घरातील मुलांना नेमके ऐकण्याची आणि ऐकले तेवढेच लिहिण्याची सवय या वहीतून सहज लागते.