गाडी स्टार्ट होत नाहीये? ईसीयू बदलण्याआधी हे तपासा

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बाबांची गाडी सुरूच होईना. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, सगळे दिवे एकदम लागलेले, पण स्टार्टर गप्प. गॅरेजवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, "ईसीयू गेलाय. चाळीस हजार धरून चला."

मला शंका आली. एकाच रात्रीत इतक्या गोष्टी कशा बिघडतील?

गाडीतला 'व्हॉट्सॲप ग्रुप'

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर या सगळ्यांचे वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. हे सगळे दोन वायरच्या एका लाइनवर बोलतात, तिचं नाव कॅन बस. बॉश कंपनीने ती 1986 मध्ये जगासमोर आणली. हा एक ग्रुपच समजा: एकाने मेसेज टाकला की सगळ्यांना दिसतो.

चावी ओळखणं, स्टार्टरला परवानगी देणं हेसुद्धा बऱ्याच गाड्यांत याच लाइनवरून चालतं. म्हणजे इंजिन ठणठणीत असलं तरी मेसेज पोहोचला नाही, की गाडी जागची हलत नाही.

क्रमाने तपासा

1. आधी बॅटरी. चार्ज बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल वेड्यासारखे वागतात आणि खोटे एरर येतात. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, ढिली अर्थ वायर आणि फ्यूजही बघा.

2. मग स्कॅन. 'यू'ने सुरू होणारे कोड म्हणजे संपर्काचा बिघाड. यू0100 म्हणजे 'इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला'. इथे गंमत आहे: कोड तक्रार करणाऱ्याकडे सापडतो, हरवलेल्याकडे नाही. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइल ॲप बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या ईसीयूशीच बोलतात, म्हणून सगळे मॉड्यूल वाचणारा स्कॅनर मागा.

3. शेवटी वायर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काही मिनिटं थांबा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ओबीडी सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रीडिंग घ्या. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून दोघांचं मिळून सुमारे 60 यायला हवं. 120 आलं तर कुठेतरी वायर तुटली आहे. शून्याच्या जवळ आलं तर दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्यात. काही नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे असतो, तिथे हे रीडिंग पूर्ण चित्र देत नाही. अशा वेळी गाडीचा वायरिंग डायग्राम पाहावा लागतो.

आमच्याकडे काय निघालं?

एबीएस आणि बॉडी मॉड्यूल, दोघांकडेही यू0100. मल्टिमीटरवर 120. वायरिंगचा माग काढत गेलो तर ईसीयूजवळ एक वायर उंदराने कुरतडलेली! ईसीयूला काहीच झालं नव्हतं. इलेक्ट्रिशियनने वायर सोल्डर केली, पीळ होता तसा परत दिला (बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंधळ सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून तो लागतो) आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

एक गोष्ट मात्र पाळा: पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात. आणि कुणी "ईसीयू गेलाय" म्हणालं, तर एवढंच विचारा: "कोड कुठल्या मॉड्यूलमध्ये आलाय? आणि ओहम किती दाखवतोय?"