‘आदित्य’चा हिशेब

वैक्कमच्या धक्क्यावरून तवणक्कडवूला पोचायला पंधरा मिनिटं लागतात. मध्ये वेंबनाड तलावाचं सुमारे अडीच किलोमीटर पाणी. अलीकडे कोट्टयम जिल्हा, पलीकडे आलप्पुळा. या पाण्यावर १२ जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ चालते आहे. भारतातली ही पहिली सौर फेरीबोट. संपादकांना ‘सौरऊर्जेवर काहीतरी’ हवं होतं. वाळवंटात एकरांनी पसरलेल्या पॅनेलांपेक्षा मला ही बोट महत्त्वाची वाटली, कारण जमिनीवर ढग आले तरी खांबावरची तार असते. पाण्याच्या मध्यावर मात्र छपरावर येईल आणि पोटात साठलेलं असेल, तेवढ्यावरच किनारा गाठायचा असतो.

केरळचं राज्य जलवाहतूक खातं १९६८पासून आलप्पुळ्यातून कारभार बघतं. आपल्याकडे एसटी तशी तिथे या खात्याची बोट. कामावर जाणाऱ्यांची, शाळकरी पोरांची, बाजारहाट करून परतणाऱ्या बायकांची. ‘आदित्य’ बांधली ‘नवआल्ट’ या कंपनीने. तिचे संस्थापक संदिथ तंडाशेरी हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले नौका-अभियंते. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे यांनी १८८१ साली सीन नदीत विजेवरची होडी चालवली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कारही २०२०मध्ये ‘आदित्य’ला मिळाला. हा इतिहास एवढाच पुरे, कारण खरी गोष्ट सुकाणूपाशी आहे.

खात्याच्या जुन्या डिझेल बोटींत सारंग पुढे सुकाणू धरतो आणि इंजिन दुसऱ्याच माणसाच्या ताब्यात असतं. सारंग दोरी ओढून घंटा वाजवतो. तिच्या टोल्यांवरून इंजिनवाला ओळखतो की वेग वाढवायचा, थांबवायचं की मागे घ्यायचं. ‘आदित्य’वर तो घंटेचा संवाद संपला. मोटारींचा दांडा सारंगाच्याच हाताशी आला आणि समोर एक पडदा आला. बॅटरीत किती शिल्लक, छपरावरून किती येतंय, मोटारी किती ओढताहेत, ते त्यावर दिसतं. धक्का सुटताना त्याची नजर पाण्यावर असते. बोट सरळ लागली की ती आकड्यांवर येते. खर्चाचा आकडा चढला की हात दांडा किंचित मागे घेतो. प्रवाशांना यातलं काही कळत नाही. त्यांना कळतं ते एवढंच की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही आणि कपड्यांना डिझेलचा वास लागत नाही.

त्या दांड्यामागचं गणित मला या बोटीतलं सर्वांत सुंदर वाटलं. बोट वीस मीटर लांब, सात मीटर रुंद, पंचाहत्तर प्रवाशांची. छपरावर ७८ पॅनेलं, मिळून २० किलोवॅट; म्हणजे ऐन दुपारी, स्वच्छ उन्हात, सत्तावीसेक अश्वशक्ती. एवढ्यात पंचाहत्तर माणसं न्यायची कशी? पाण्यातल्या बोटीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सव्वापट करा, शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. साडेसात नॉटला २० किलोवॅटच्या दोन्ही मोटारी पूर्ण जोराने फिरवाव्या लागतात. साडेपाचवर उतरलं की सोळाएक किलोवॅटमध्ये भागतं. पंधरा मिनिटांच्या फेरीला मग सुमारे चार युनिट. दिवसाच्या बावीस फेऱ्यांना नव्वदच्या आसपास. चांगल्या उन्हाच्या दिवशी छप्पर सत्तर-ऐंशी देऊ शकतं; उरलेलं रात्री धक्क्यावर वीज मंडळाच्या तारेतून भरून घेतलं जातं. डिझेलची तेवढीच बोट दिवसाला शंभरावर लिटर पिते.

म्हणून या बोटीची खरी करामत पॅनेलांत नाही, ती कमी लागण्यात आहे. दोन अरुंद फायबरग्लासच्या नावा शेजारी शेजारी जोडल्या आहेत. त्या पाणी फारसं ढकलत नाहीत, त्यातून चिरत जातात. दोन नावांमधल्या अंतरामुळे बोट सहसा कलंडत नाही, आणि इथे त्याला फार मोल आहे. याच तलावात २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकमला निघालेली खात्याची बोट बुडाली आणि २९ माणसं गेली. ५० युनिटांच्या लिथियम बॅटऱ्यांचं वजन ७०० किलोच्या आसपास आहे. शिशाच्या बॅटऱ्या घातल्या असत्या तर काही टन भरल्या असत्या आणि ते वजन ओढायला आणखी वीज लागली असती. हे आकडे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत. एक ढासळला की सगळे खाली येतात.

काळजी इथूनच सुरू होते. बॅटरीचा संच म्हणजे एकापुढे एक जोडलेले असंख्य सेल. त्यातला सर्वांत अशक्त सेल रिकामा झाला की व्यवस्थापन यंत्रणा अख्खा संच थांबवते, बाकीच्यांत वीज शिल्लक असली तरी. दमट हवा, रोजचं भरणं-उपसणं, वर्षानुवर्षं. सेल सारखे म्हातारे होत नाहीत. क्षमता घटते ती आधी संध्याकाळच्या फेऱ्यांत जाणवते, ऊन गेलेलं असताना. डिझेल इंजिन बिघडलं तर धक्क्यावर हातोडी-पाना घेऊन धावणारा कुणीतरी सापडतो. अशक्त सेल शोधणारा माणूस तिथे घडवावा लागतो आणि त्याला पगारावर टिकवावं लागतं. बॅटऱ्या बदलण्याची रक्कम एकदम समोर उभी राहते, डिझेलसारखी रोज थोडी थोडी जात नाही. खात्याने वाचलेल्या इंधनाचे पैसे दरवर्षी बाजूला ठेवले नाहीत, तर ती रक्कम आणायची कुठून?

पावसाळ्यात छप्पर दिवसचे दिवस फारसं देत नाही आणि वारा समोरून येतो, म्हणजे मिळकत घटते तेव्हाच खर्च वाढतो. जलपर्णीची वेगळी कटकट. याच तलावावरचा तण्णीरमुक्कमचा बंधारा कुट्टनाडच्या भाताला खाऱ्या पाण्यापासून वाचवतो, पण त्यामागच्या गोड्या पाण्यात जलपर्णी माजते. बंधाऱ्याची दारं उघडली की तिचे तरंगते गालिचे उत्तरेकडे, ‘आदित्य’च्या वाटेवर सरकतात, पंख्यांत गुंततात आणि मोटारी नेहमीच्या वेगालाच जास्त ओढू लागतात. साडेपाच नॉटचा हिशेब केला होता निर्मळ पाण्याचा.

मुंबईकडे हे लोण पोचलं आहे. माझगाव डॉकसाठी ‘नवआल्ट’नेच ‘बॅराकुडा’ ही बोट बांधली: बारा माणसांची, ५० किलोवॅटच्या दोन मोटारी, छपरावर मात्र फक्त सहा किलोवॅटची पॅनेलं. वेग बारा नॉटच्या वर. मोटारींची भूक आणि छपराची कमाई यांतलं अंतर पाहा. ही बॅटरीवर धावणारी बोट आहे, सूर्य तिला हातभार लावतो. त्यात गैर काही नाही. पण गेटवे ते मांडवा या उघड्या, लाटांच्या पाण्यावर, कितीतरी लांबच्या वाटेवर, ‘आदित्य’सारखी बोट आणू असं कुणी म्हणालं तर त्याला पहिल्यांदा वेग विचारावा, मग रोजच्या फेऱ्या आणि आठव्या वर्षी बॅटरीचा खर्च कोण करणार हे. जिथे अंतर थोडं आहे आणि पाणी शांत आहे, अशा कोकणातल्या तरींवर हा हिशेब जमू शकतो. दाभोळची खाडी आहे, जयगडची आहे. तिथे आधी मोजमाप करायला हवं: भरती-ओहोटीची ओढ किती, जून ते सप्टेंबर ऊन किती, गाड्या न्यायच्या की फक्त माणसं. गाड्या म्हटल्या की वजन वाढलं, आणि वजन वाढलं की सोळा किलोवॅटचं गणित पुन्हा मांडावं लागणार.