गाभण कुत्रीस कॅल्शियम देणे

गाभण कुत्रीस व्यायच्या आधी कॅल्शियमच्या गोळ्या देणे ही श्वानपालकांत रूढ असलेली, परंतु पशुवैद्यकशास्त्राने अयोग्य ठरवलेली प्रथा आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. या काळात जादा कॅल्शियम मिळत राहिल्यास परावटू ग्रंथींचे कार्य मंदावते. पिल्ले दूध पिऊ लागताच कॅल्शियमची गरज एकाएकी वाढते. मात्र हाडांतील साठा रक्तात आणणारे संप्रेरक तेव्हा पुरेसे स्रवत नाही आणि रक्तातील कॅल्शियम घटते. ज्या विकाराच्या भीतीने गोळ्या दिल्या जातात, तोच त्यांमुळे ओढवू शकतो.

हा विकार बहुधा व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, लहान चणीच्या व पुष्कळ पिल्ले असलेल्या माद्यांत आढळतो. अस्वस्थता, धाप, ताठर चाल, थरथर, आचके व तीव्र ताप ही त्याची लक्षणे होत. गायीम्हशींचा दुग्धज्वरही कॅल्शियम घटल्यानेच होतो. तेथे मात्र नावात ज्वर असूनही अंग थंड पडते. वेळीच उपचार न झाल्यास कुत्री दगावते. पशुवैद्य हृदयगतीवर लक्ष ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश देतात आणि पिल्लांना काही काळ वरचे दूध पाजण्यास सांगतात. पूर्वी हा विकार झालेल्या कुत्रीस कॅल्शियम दिले जाते ते व्याल्यानंतर, दूध पाजण्याच्या काळात.