पडद्यावरील रक्त आणि प्रेक्षकाचें मन

सन २००२ च्या मे महिन्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान या शहरीं नेहमींप्रमाणें जगप्रसिद्ध चित्रपट-महोत्सव भरला होता. त्यांत गास्पार नोए या दिग्दर्शकाचा 'इरेव्हर्सिब्ल' हा चित्रपट दाखविण्यांत आला. खेळ संपण्यापूर्वींच सुमारें २५० प्रेक्षक उठून बाहेर गेले आणि २० जणांना घेरी आल्यामुळें प्राणवायु द्यावा लागला, असें वृत्त त्या वेळीं प्रसिद्ध झालें. हे प्रेक्षक नवखे नव्हते; वर्षांतून शेंकडों चित्रपट पाहणारे ते जाणते लोक होते. पडद्यावरील जखम ही रंगाची करामत आहे, हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? मग त्यांच्या शरीरानें ती खरी कां मानली? आणि ज्यानें माणसास घेरी येते, तें त्यानें पैसे मोजून पाहावें तरी कां?

या प्रश्नांचीं उत्तरें शोधावयाचीं तर फ्रेंच रंगभूमीपासून आरंभ करावा लागतो. सतराव्या शतकांतील फ्रेंच नाटककार औचित्याविषयीं अत्यंत दक्ष असत. रासीन याच्या १६७७ सालच्या 'फेद्र' नाटकांत तरुण हिप्पोलित याचा अंत फार भयंकर रीतीनें होतो. समुद्रांतून वर आलेल्या राक्षसी प्राण्यास पाहून त्याचे घोडे उधळतात आणि तो फरफटत जाऊन छिन्नविच्छिन्न होतो. पण प्रेक्षकांस यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याचा वृद्ध गुरु रंगभूमीवर येऊन तें सांगतो, एवढेंच. आपल्याकडील नाट्यशास्त्रानेंही अंकांत मृत्यु प्रत्यक्ष दाखवूं नये, तो सुचवावा, असाच दंडक घालून दिला आहे. रक्त डोळ्यांपुढें आलें कीं जुगुप्सा उत्पन्न होते, आणि जुगुप्सेच्या धक्क्यापुढें शोकाला वाव उरत नाहीं. मनुष्य तोंड फिरवितो, आणि ज्याच्यासाठीं रडावयाचें त्याचाच त्याला विसर पडतो.

ज्या देशानें हा संयम इतक्या कडकपणें पाळला, त्याच देशाच्या राजधानींत १८९७ सालीं 'ग्रां गिन्योल' नांवाचें एक लहानसें नाट्यगृह निघालें. इमारत जुन्या प्रार्थनामंदिराची होती. जागा तीनशेंहूनही कमी असल्यानें शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकही रंगभूमीपासून फारसा दूर नसे. ऑस्कार मेतेनिए यानें तें स्थापिलें. पण त्याला भयनाट्याचें माहेरघर बनविलें तें त्याच्यामागून आलेला चालक माक्स मोरे आणि नाटककार आंद्रे द लॉर्द यांनीं. द लॉर्द यानें कांहीं नाटकें आल्फ्रेद बिने याच्या साहाय्यानें लिहिलीं. बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळें ज्याचें नांव शिक्षकवर्गास परिचित आहे, तोच हा मानसशास्त्रज्ञ. येथें भुतेंखेतें नसत. वेड्यांचीं इस्पितळें, शस्त्रक्रियेचीं दालनें, सूड घेणारे पति, पिसाट डॉक्टर, अशीं वृत्तपत्रांत आढळणारींच माणसें आणि स्थळें असत. पॉला माक्सा नांवाच्या अभिनेत्रीचा या रंगभूमीवर दहा हजारांहून अधिक वेळां खून झाला, असें सांगतात. कार्मिन रंग आणि ग्लिसरीन यांचें मिश्रण ऊन करून वापरीत; तें निवतांच खऱ्या रक्तासारखें साकळे. रोज रात्रीं किती लोक मूर्च्छित पडले, यावर मोरे नाटकाचें यश मोजी, आणि त्यानें नाट्यगृहांत एक डॉक्टरही नेमून ठेविला होता.

या मूर्च्छेचें कारण शरीरशास्त्रांत सांपडतें. सामान्य भयानें हृदयाची गति व रक्ताचा दाब वाढतो. शरीर पळावयास किंवा लढावयास सिद्ध होतें. पण उघडी जखम व वाहतें रक्त पाहून कांहीं माणसांच्या ठिकाणीं याच्या उलट घडतें. प्रथम नाडी जलद होते आणि मग एकाएकीं मंदावते. दाब उतरतो, मेंदूस रक्त कमी पडतें आणि मनुष्य कोसळतो. ही क्रिया बुद्धीची परवानगी घेत नाहीं. "हें खोटें आहे" असें मन सांगत असतांनाच गुडघे वांकलेले असतात. म्हणून कानच्या त्या जाणत्या प्रेक्षकांच्या जाणतेपणाचा त्या रात्रीं उपयोग झाला नाहीं. शिवाय 'इरेव्हर्सिब्ल'च्या आरंभींच्या अर्ध्या तासांत, जेमतेम ऐकूं येईल असा अतिशय खर्जांतला गुंजारव मुद्दाम मिसळलेला आहे. प्रेक्षकास तो नीट उमगत नाहीं, पण त्यानें जीव अस्वस्थ होतो. डोळ्यांवर हात ठेवतां येतो. असल्या नादापासून मात्र सुटका नसते.

तथापि घेरी आणणें म्हणजे मन हलविणें नव्हे. हा भेद ज्यानें अचूक ओळखला, तो दिग्दर्शक जॉर्ज फ्रांजू. १९४९ सालीं त्यानें पॅरिसच्या कसाईखान्यांवर 'जनावरांचें रक्त' या अर्थाच्या नांवाचा सुमारें वीस मिनिटांचा माहितीपट काढला. त्यांतील मरण खरेंखुरें आहे. एक पांढराशुभ्र घोडा आंत आणला जातो, कपाळावर यंत्राचा ठोका बसतो आणि तो गुडघ्यांवर कोसळतो. निवेदनाचा स्वर शांत आहे. कामकरी आपलें रोजचें काम करावें तसें काम करीत आहेत, आणि आसपास शहराचा व्यवहार नेहमींप्रमाणें चालूं आहे. हा चित्रपट रंगीत असता तर केवळ किळसवाणा झाला असता, असें फ्रांजूचें मत होतें. कृष्णधवल चित्रांत रक्त काळें दिसतें, त्यांतून वाफ उठते. प्रेक्षक तोंड न फिरवितां पाहूं शकतो, आणि पाहूं शकतो म्हणूनच त्याला विचार करावा लागतो.

हेंच तंत्र त्यानें १९६० सालच्या 'चेहऱ्याविना डोळे' या अर्थाच्या नांवाच्या चित्रपटांत कल्पित कथेस लाविलें. एका विख्यात शस्त्रवैद्याच्या हातून मोटारीचा अपघात होऊन त्याच्याच मुलीचा चेहरा नष्ट झाला आहे. तिला नवा चेहरा मिळावा म्हणून तो परक्या मुलींना फसवून घरीं आणवितो आणि त्यांच्या चेहऱ्याची त्वचा सोलून काढतो. ती शस्त्रक्रिया पडद्यावर सावकाश दिसते. पेन्सिलीनें आंखलेली रेषा, तिच्यावरून फिरणारी सुरी, कपाळावरचा घाम. एडिंबरो येथील महोत्सवांत हा प्रसंग पाहून सात जण बेशुद्ध झाले. परंतु चित्रपट संपल्यावर स्मरणांत राहते ती सुरी नव्हे. स्मरणांत राहते ती एदित स्कोब या अभिनेत्रीनें रंगविलेली ती मुलगी. गुळगुळीत पांढरा मुखवटा घालून ती मोठ्या घरांत एकटी फिरते, आणि तिचे केवळ डोळे बोलतात. बाप गुन्हेगार आहे खरा, पण मुलीवर त्याचें प्रेम आहे. आणि तें प्रेमच दुसऱ्यांच्या लेकींचा जीव घेतें. येथें भयानक, बीभत्स आणि करुण हे तीन रस एकत्र आले आहेत, आणि पहिल्या दोहोंनीं तिसऱ्याची वाट अडविलेली नाहीं.

दोनच वर्षांनीं, १९६२ सालीं, ग्रां गिन्योलचे दरवाजे कायमचे बंद झाले. त्याच्या अखेरच्या चालकानें याचें कारण स्पष्ट सांगितलें होतें. रंगभूमीवरचें क्रौर्य प्रत्यक्षांत अशक्य आहे, अशी महायुद्धापूर्वीं प्रेक्षकांची समजूत होती. बुखेनवाल्डच्या छळछावणीची हकीकत कळल्यानंतर ती समजूत राहिली नाहीं. भयाचा खेळ रंगावयास सुरक्षिततेचा विश्वास लागतो, आणि तो विश्वासच उडाला होता.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें पुन्हां अशा चित्रपटांची लाट उठली. २००४ सालीं जेम्स क्वांट या समीक्षकानें तिला 'नवा फ्रेंच अतिरेक' असें नांव दिलें, आणि तें त्यानें गौरवानें दिलेलें नव्हतें. आलेक्सांद्र आजा याचा २००३ चा 'ओत तान्सिओं', तसेंच मोरी व बुस्तियो या जोडीचा २००७ चा 'आ लँतेरियर' हे या पठडींतले भयपट होत. दुसऱ्यांत एका रात्रीं एका गरोदर विधवेच्या घरांत एक अनोळखी स्त्री शिरते. तिच्या हातांत शिवणकामाची असावी तशी कात्री असते. त्याच रात्रीं बाहेर पॅरिसच्या उपनगरांत दंगली पेटलेल्या आहेत. २००५ सालच्या खऱ्या दंगलींचें स्मरण तेव्हां ताजें होतें. जें घर सर्वांत सुरक्षित समजावयाचें तेंच असुरक्षित झालें, ही त्या काळची धास्ती या चित्रपटांत उतरली आहे.

या लाटेंतील सर्वांत वादग्रस्त चित्रपट म्हणजे पास्काल लोजिए याचा २००८ चा 'मार्टिर्स'. परीक्षण-समितीनें प्रथम १८ वर्षांखालील सर्वांस तो वर्ज्य ठरविला. चित्रपट-व्यवसायांतून विरोध झाल्यावर फेरविचार होऊन ही मर्यादा १६ वर आली व सोबत इशाराही जोडण्यांत आला. कथेंत श्रीमंत व वयोवृद्ध माणसांचा एक गुप्त संघ आहे. पराकोटीच्या यातनेंत मनुष्यास मरणापलीकडचें कांहीं दिसतें, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून ते तरुण स्त्रियांना तळघरांत डांबून त्यांचा पद्धतशीर छळ करतात. आना या तरुणीवरील छळाचे प्रसंग मुद्दाम एकसुरी ठेवले आहेत. मारहाण, अंधार, पुन्हां मारहाण. छळणाऱ्यास राग नाहीं, आनंदही नाहीं. त्यांत ना पाठलाग, ना सुटकेची आशा. भयपटाची जी चटक प्रेक्षकास असते, ती येथें पार आटून जाते, आणि उरतो केवळ आनाचा चेहरा. चित्रपटाच्या नांवाचा मूळ ग्रीक अर्थ 'साक्षी' असा आहे, आणि अखेरीस तो पडद्यावर अक्षरांनीं दिला जातो. येथें प्रेक्षक चमकतो. कारण दुसऱ्याच्या यातनेंतून आपल्याला कांहीं मिळेल म्हणून ती पाहत बसणारे ते म्हातारे आणि तिकीट काढून बसलेला तो स्वतः, यांच्यांत किती अंतर आहे, असा प्रश्न त्याला पडतो.

या प्रश्नानें चित्रपट निर्दोष ठरतो, असें मात्र नाहीं. यातनेवर टीका करण्यासाठीं यातनाच इतकी दाखवावी काय, हा आक्षेप रास्त आहे. स्त्रीदेहावरील अत्याचार या लाटेंत वारंवार येतो, हाही आक्षेप टाळतां येत नाहीं. शिवाय संवयीचा धोका आहेच. पुनः पुनः पाहिलेल्या दृश्याचा धक्का कमी होतो, आणि मग तोच परिणाम साधण्यासाठीं अधिक रक्त सांडावें लागतें. ग्रां गिन्योलच्या चालकांनाही हें ठाऊक होतें. म्हणून ते एकाच रात्रीं भयाचे व विनोदाचे छोटे खेळ आलटूनपालटून करीत. ऊन पाण्यानंतर थंड पाणी ओतावें तसें. मध्यंतरीं मन हंसून सैल झालें, म्हणजे पुढचा धक्का पुन्हां ताजा लागे.

२०२१ सालीं झ्यूलिया द्यूकूर्नो हिच्या 'तितान' या अशाच उग्र चित्रपटास कान येथील सर्वोच्च सुवर्णपर्ण मिळालें. ज्या महोत्सवांतून एकेकाळीं प्रेक्षक उठून गेले, त्यानेंच हा मान दिला. तेव्हां असले चित्रपट नाहींसे होतील असें नाहीं. आज ते घरोघरीं हातांतल्या फोनवरही येऊन पोहोंचतात, आणि तेथें दाराशीं तिकीट तपासून मुलांना परत पाठविणारा कोणी नसतो. हें काम घरांतल्या वडीलधाऱ्यांवर येऊन पडतें. कोंवळ्या वयास हे चित्रपट वर्ज्यच समजावे. जाणत्यांनीं मात्र एक कसोटी जवळ ठेवावी. दृश्य संपून दिवे लागल्यावर मनांत काय उरलें आहे, तें पाहावें. शस्त्र आणि त्याची करामत उरली असेल, तर त्या चित्रपटानें मनावर आणखी एक घट्टा पाडला. ज्याला दुखलें त्याचा चेहरा उरला असेल, आणि पुढें वृत्तपत्रांत कोणाच्या छळाची बातमी वाचतांना तो चेहरा आठवला, तर मात्र तें कठीण पाहणें व्यर्थ गेलें असें म्हणतां येणार नाहीं.