सांगलीची माती : 'कसदार' काठ आणि 'हलका' माळ

सांगली म्हटले की हळद, द्राक्षे आणि बेदाणे ही नावे ओघानेच येतात. मात्र ही पिके ज्या मातीत पिकतात ती साऱ्या जिल्ह्यात एकसारखी नाही, याची कल्पना शहरी ग्राहकाला सहसा नसते. कृष्णाकाठची काळी जमीन म्हणजे सोने आणि जत-आटपाडीचा माळ म्हणजे बरड, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गेल्या काही दशकांत ती बऱ्याच अंशी उलटली आहे.

जिल्ह्यातील बहुतेक जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाची आहे. खडक एकच असला तरी पाऊस आणि उतार यांनी त्याची माती निरनिराळी घडविली. पश्चिमेला शिराळा तालुक्यात चांदोली परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे चुना व इतर क्षार धुऊन जातात आणि तांबडी, आम्लधर्मी जमीन मागे राहते. भात हे तिचे पीक. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ येथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. उतारावरची माती वाहून गेल्याने वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. वाहून आलेला गाळ साचला तो कृष्णा, वारणा, येरळा यांच्या काठी, आणि तेथे पुरुषभर खोलीची काळी जमीन तयार झाली. नदीकाठीही माती सर्वत्र सारखी नाही. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे. तेथील घट्ट मातीत ओल शिरत नसे, म्हणूनच ते शक्य झाले. २००५ च्या महापुरात यातील अनेक पेवांत पाणी शिरले.

काळ्या जमिनीचे बळ तिच्यातील चिकणमातीत असते. हे कण पाणी मिळताच फुगतात आणि वाळताच आकसतात; उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशी जमीन ओल दीर्घकाळ धरून ठेवते. पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर रब्बीची मालदांडी ज्वारी पाण्याच्या एकाही पाळीशिवाय पदरात पडते ती त्याच गुणामुळे. पण ओलिताची सोय झाली आणि हाच गुण अंगावर आला. फुगलेल्या कणांतून पाण्याचा निचरा अत्यंत संथ होतो. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत उसाला वर्षभर पाटाने पाणी दिले गेले आणि भूजलाची पातळी मुळांपर्यंत चढली. समईची वात तेल ओढते तसे हे पाणी वर ओढले जाते; पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात. शेतात दिसणारा पांढरा थर तो हाच. उसाच्या भरघोस उत्पन्नासाठी नावाजलेल्या गावांतील कित्येक शिवारांत आज गवताखेरीज काही उगवत नाही.

क्षारपड आणि चोपण या दोन्हींना सर्रास एकाच नावाने ओळखले जाते, आणि इथेच शेतकऱ्याचा पैसा वाया जातो. क्षारपड जमिनीत विरघळणारे क्षार अधिक असतात. पाण्याला वाट करून दिली तर ते धुऊन जातात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो, सामू साडेआठच्या पुढे जातो आणि माती वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. जिप्सम लागते ते या दुसऱ्या जमिनीला, आणि तेही निचऱ्याची व्यवस्था असेल तरच. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकता येतात. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने या विषयावर काम केले आहे. अडचण तंत्राची नसून बांधांची आहे. नळीतले पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर ते खालच्या शेजाऱ्यांच्या रानातून जाते, आणि ओढे तर अनेक ठिकाणी बुजलेले! एकट्या शेतकऱ्याने खर्च करूनही उपयोग होत नाही, तो यामुळे.

याउलट, पूर्वेकडील मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही. जो दोष मानला जाई तोच फळबागांना मानवला. डाळिंबाचा बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत ओल हटता हटत नाही. द्राक्षाचेही तसेच आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला तरी माळावरच्या बागेत लवकर वाफसा येतो आणि ठिबकने हवे तेवढेच पाणी देता येते. तासगाव तालुक्यातून 'तास-ए-गणेश' हे वाण पुढे आले. मात्र या जमिनीत चुनखडी अधिक असल्याने लोह मुळांना मिळत नाही व पाने पिवळी पडतात. पाणी खारट असेल तर बागायतदार 'डॉगरिज' या खुंटावर कलम करतात.

आता टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी याच माळापर्यंत नेले आहे आणि त्यामागोमाग ऊसही पोहोचला आहे. माळाच्या उतारावर फारसा धोका नाही. तो आहे सखल भागात, जतमधील बोर आणि आटपाडीतील माण नदीच्या काठी. तेथील माती कृष्णाकाठासारखीच खोल व काळी असून पाऊस कमी असल्याने क्षार धुऊन नेणारे पाणीही नाही. अशा रानात लागवडीपूर्वी तीन फुटांचा खड्डा घेऊन मातीचे थर पाहणे आणि प्रत्येक थराचा नमुना स्वतंत्रपणे तपासून घेणे हा खर्च निचऱ्याच्या नळ्यांपुढे नगण्य आहे. नमुना पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वी घ्यावा. बांधाकडेची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती त्यात येऊ देऊ नये.