लग्नाच्या मांडवाशी थांबणारा इतिहास

आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे कौंडण्यपूर. हे रुक्मिणीचे माहेर. भावाने ठरवलेला शिशुपाल तिला नको होता. तिने द्वारकेला पत्र धाडले आणि अंबिकेच्या देवळापाशी आलेल्या कृष्णाच्या रथात ती बसली. गुप्त पत्र, हट्टी भाऊ, पाठलाग आणि शेवटी लग्न, असा हलक्याफुलक्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा सगळा ऐवज या कथेत आहे. महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकात आणि एकनाथांनी सोळाव्या शतकात तिच्यावर काव्य रचले. लग्न जुळावे म्हणून मुली एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करत आल्या आहेत.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871ची. पुढे हरिभाऊ आपटे आणि नाथमाधवांनी इतिहासाच्या आधाराने वाचकांच्या पिढ्या गुंगवून ठेवल्या. अशा कादंबरीची गोडी खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. सनावळीतली नावे तिच्यात रुसतात, एकमेकांना चिडवतात, रात्री जागतात. शाळेत इतिहासाचा कंटाळा आलेले मूल वाड्यातल्या प्रेमकथेमुळे त्या काळाकडे वळते. शेवट गोड होणार हे ठाऊक असूनही आपण पाने उलटत राहतो, कारण ते दोघे कसे भेटतात याचेच कुतूहल असते.

उणिवाही तितक्याच ठळक असतात. नायिका बोलते आजच्या मुलीसारखी आणि तिच्या बंडाची किंमत कुणीच मोजत नाही. दासी फक्त चिठ्ठ्या पोचवते. तिचे स्वतःचे मन कुठे दिसत नाही. तपशिलांची हेळसांड तर जागोजाग असते. मिरची, शेंगदाणे आणि झेंडू अमेरिका खंडातले. पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या राजवाड्यात मिरचीचा झणझणीत रस्सा आणि दाराला झेंडूचे तोरण असूच शकत नाही. पण सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे ही कादंबरी लग्नाच्या मांडवाशी थांबते. अनेक स्त्रियांचा इतिहास तिथून पुढे सुरू होतो.

याचा पुरावा वर्ध्याजवळच, धाम नदीच्या काठी, पवनारला शोधता येतो. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार असे मानले. नंतर काही अभ्यासकांनी मनसरच्या बाजूनेही मत मांडले. नागपूर विद्यापीठाने 1967 मध्ये पवनारला उत्खनन केले. विनोबांच्या आश्रमाच्या जागेत खणताना भरत-भेटीचे शिल्प सापडले, ते आजही तिथे पाहता येते.

या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता. ती सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातली कुबेरनागा यांची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिलेली. उत्तरेची राजकन्या विदर्भात येते, एवढ्यावर गोड कादंबरी सहज उभी राहील. पण हे लग्न दोन राजघराण्यांच्या सोयीचे होते. पती लवकर गेला आणि मुले लहान असल्याने राज्याचा भार तिच्यावर आला. थोरला दिवाकरसेन युवराज असताना तिने दिलेला, तेराव्या वर्षाचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्या ताम्रपटात ती वंशावळ देते ती माहेरच्या गुप्तांची. सासरचे राज्य चालवताना माहेरचे नाव मिरवणारी ही बाई काय विचार करत असेल, हा कादंबरीकाराचा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी हलकेपणा सोडावा लागत नाही. शेतकरी, गवळणी, वाटसरू यांच्या प्रेमातली थट्टा आणि विरह ‘गाथासप्तशती’ने माहाराष्ट्री प्राकृतात एकत्र मांडला, त्याच भाषेतले ‘सेतुबंध’ हे काव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे. हसू आणि दुःख शेजारी नांदू शकतात, हे या मातीतल्या साहित्याला नवे नाही.

म्हणून वाचकांनी अशी कादंबरी आनंदाने, कसलाही संकोच न बाळगता वाचावी आणि मिटल्यावर दोन प्रश्न विचारावेत: यातले कष्ट कुणी केले आणि लग्नानंतर तिचे काय झाले? विदर्भातल्या लेखकांनी मिराशींचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हाताशी घेऊन प्रभावतीवर लिहावे. तिची वरात जरूर रंगवावी, पण तिचा राज्यकारभारही सांगावा.